बंद कपाटातली नायिका

पत्र, थोडक्यात

कोल्हापूरच्या राजारामपुरीतून एका आईचं पत्र आलं आहे. वय ४३, बँकेत नोकरी. मुलगी १५ वर्षांची, दहावीत. मुलगी लहान असल्यापासून आईने तिला ठरवून शूर मुलींच्या गोष्टी सांगितल्या. आठव्या वर्षी मर्दानी खेळाच्या वर्गाला घातलं. तेराव्या वाढदिवसाला ‘हंगर गेम्स’ ही कादंबरीमालिका आणून दिली. मुलीने लाठी बाराव्या वर्षीच सोडली होती, आणि आता मावसबहिणीकडून ‘ट्वायलाइट’चे चारही भाग आणून ती ते दुसऱ्यांदा वाचते आहे. आईने मधली काही पानं चाळली. एका व्हॅम्पायर मुलासाठी झुरणारी, सारखी धडपडणारी, त्याच्यावाचून जगू न शकणारी नायिका बघून आईला धक्का बसला. “असली रडूबाई तुझा आदर्श आहे का?” असं विचारल्यावर मुलगी म्हणाली, “ती खरी वाटते मला. तुझ्या त्या तलवारवाल्या पोरी कधी घाबरतच नाहीत. मला तर वर्गात उत्तर द्यायला उभं राहायचं म्हटलं तरी पोटात गोळा येतो.” आईने चारही पुस्तकं कपाटात घालून कुलूप लावलं. त्याला अकरा दिवस झाले. मुलगी कामापुरतंच बोलते. आई विचारते: पुस्तकं परत देऊ का? आणि या परदेशी दुबळ्या नायिकांच्या ऐवजी तिला खंबीर करणारं काय वाचायला देऊ?

उत्तर

ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यातली सगळ्यात मोलाची ओळ तुमच्या लेकीची आहे. पोटात गोळा येतो, ती ओळ. पंधरा वर्षांची मुलगी आईला असं सहजासहजी सांगत नाही. ती तुम्हाला पुस्तकाबद्दल सांगत नव्हती, स्वतःबद्दल सांगत होती. तुम्ही त्या क्षणी आदर्शाच्या वादात होतात, म्हणून ते वाक्य तसंच राहून गेलं. पुस्तकांचं काय करायचं ते आपण बघू. पण आज संध्याकाळी घरी गेल्यावर आधी त्या गोळ्याबद्दल विचारा. कुठल्या तासाला येतो, कधीपासून येतो, कुणी हसतं का. मध्ये पुस्तक आणू नका आणि उपायही लगेच सांगू नका.

आता तुमचा प्रश्न. तुमच्या पत्रात ‘खंबीर’ हा शब्द नऊ वेळा आला आहे. मी प्रत्येक ठिकाणी थांबून पाहिलं की तिथे तुम्हाला नेमकं काय म्हणायचं आहे. कुठे त्याचा अर्थ हातात शस्त्र असणं असा होतो, कुठे न रडणं, कुठे मुलाच्या प्रेमात न पडणं, आणि फक्त एका ठिकाणी, अगदी शेवटी, ‘स्वतःचं स्वतः ठरवणारी’ असा होतो. या चार गोष्टी वेगवेगळ्या आहेत. त्यांची एकच मोळी बांधली, म्हणून रडणारी मुलगी दिसली की ती स्वतःचं काही ठरवत नसेल असं तुम्हाला वाटलं.

ही मोळी तुम्ही एकट्यांनी बांधलेली नाही, आणि ती बांधण्यामागे कारण होतं. जादूच्या राज्यांच्या गोष्टींत मुलींना फार काळ बाजूला बसवून ठेवलं होतं. ‘नार्निया’चं पहिलं पुस्तक १९५० सालचं. त्यात नाताळबाबा सुझनला धनुष्यबाण देतो, लूसीला खंजीर देतो, आणि लगेच बजावतो की लढाईत तुम्ही उतरायचं नाही. शस्त्र दिलं, ते वापरायची परवानगी दिली नाही. अशा गोष्टींवर वाढलेल्या बायका पुढे लिहू लागल्या तेव्हा त्यांनी मुलींच्या हातात खरोखरची तलवार दिली. टॅमोरा पिअर्स यांची अलॅना १९८३ मध्ये आली. सरदार व्हायचं म्हणून मुलाचा वेश घेऊन शिकणारी मुलगी. ती तलवार हवीच होती. तुमचा आग्रह त्याच वाटेवरचा आहे आणि मी त्याला चूक म्हणणार नाही. पण पुढे पुढे असं झालं की तलवार असली की नायिका पूर्ण झाली, असं लिहिणाऱ्यांना आणि वाचणाऱ्यांनाही वाटू लागलं. अशा कितीतरी नायिकांना तलवार मिळाली, पण मैत्रीण उरली नाही, आई उरली नाही, भीती उरली नाही. तुमची लेक ‘त्या कधी घाबरतच नाहीत’ म्हणाली, ते मला वाचक म्हणून अगदी रास्त वाटतं.

तुम्ही स्वतः आणून दिलेल्या पुस्तकाकडेच बघा. ‘हंगर गेम्स’मध्ये जादू नाही, पण या वयाच्या वाचकांच्या हातात ते याच कप्प्यातून येतं. त्यातली नायिका कॅटनिस म्हटलं की सगळ्यांना तिचं धनुष्य आठवतं. पण खरी गोष्ट सुरू होते ती तिच्या बाणाने नाही. जीवघेण्या खेळासाठी चिठ्ठी बारा वर्षांच्या धाकट्या बहिणीच्या नावाची निघते आणि ही सोळा वर्षांची मुलगी तिच्या जागी स्वतः पुढे होते, तिथे. आणि २०१० साली आलेला तिसरा भाग तुम्ही वाचला नसेल तर जरूर वाचा. त्यात कॅटनिस मोडून गेलेली आहे. झोपेत ओरडून उठते, लोकांना टाळून कोपऱ्याकापऱ्यांत लपून बसते, औषधांवर असते. ती दुबळी झाली का? मला तर तो भाग मालिकेतला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. इतकी माणसं मारली गेलेली पाहून एखादी मुलगी तशीच ताठ उभी राहिली असती, तर मी ते पुस्तक मिटून ठेवलं असतं.

तुम्ही लिहिलं आहे की रोज बँकेत जाताना कावळा नाक्यावरून जाता, आणि लेक लहान असताना तिला ताराराणींचा पुतळा दाखवून ‘अशी हो’ म्हणायचात. मीही त्या पुतळ्याकडे बघत मोठी झाले. उधळलेला घोडा, उगारलेली तलवार. तो पुतळा दाखवतो तो काळ १७०० ते १७०७ चा. पती राजाराम महाराज गेले तेव्हा ताराराणींचं वय पंचविशीच्या आसपास, पदरी लहान मुलगा, समोर औरंगजेब. ती सात वर्षं खरोखरच तशी होती, पुतळ्यात दाखवल्यासारखी. पण त्या वारल्या १७६१ मध्ये. मधल्या ५४ वर्षांचं काय? शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि खेडच्या लढाईत ताराराणींची बाजू हरली. पन्हाळ्यावर त्यांनी वेगळी गादी उभी केली, आणि १७१४ मध्ये त्यांच्याच घरातल्या माणसांनी, सवत राजसबाईंनी, ती उलथवून त्यांना मुलासकट कैदेत टाकलं. तो मुलगा कैदेतच वारला. पुढे साताऱ्याला आल्यावर रामराजा माझा नातू म्हणून त्यांनीच त्याला पुढे आणलं, आणि मग त्यांनीच त्याला किल्ल्यात अडकवून ठेवलं.

या सगळ्या आयुष्यातल्या ताराराणी खंबीर होत्या की दुबळ्या? पोटचा मुलगा कैदेत वारला त्या रात्री त्या रडल्या नसतील का? मला पुतळ्यातल्या ताराराणींपेक्षा कैदेतल्या ताराराणी जास्त जवळच्या वाटतात. वर्षानुवर्षं दार बंद, आणि तरी डोक्यात पुढची चाल चालूच. लेकीला पुतळा दाखवलात, ते छान केलंत. आता ती मोठी झाली आहे. उरलेली ५४ वर्षंही सांगा, चुकांसकट.

आणि ‘परदेशी’ दुबळ्या नायिकांबद्दल एक गोष्ट सांगते. माझी आजी श्रावणात शिवामुठीची कहाणी सांगायची. राजाच्या चार सुना, तीन आवडत्या, एक नावडती. नावडतीला जेवायला उष्टं, नेसायला जाडंभरडं, राहायला गुरांचं बेडं. तिचं सगळं मागणं काय, तर मी सासरच्यांची आवडती होऊ दे. आजच्या मापाने ही नायिका फारच केविलवाणी. पण आजी ती कहाणी सांगताना शेजारच्या बायका डोळे पुसायच्या, कारण नावडतं असणं म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होतं. शिवाय नावडती एक गोष्ट करते, जी आवडत्या तिघी करत नाहीत. ती एकटी रानात जाते, तिथे भेटलेल्या नागकन्या-देवकन्यांना कुठे चाललात म्हणून विचारते, आणि त्यांच्याबरोबर जाते. लहानपणी मला तेवढ्याच जागेसाठी ती आवडायची. दुबळी वाटणारी नायिका वाचकाला का धरून ठेवते, याचं उत्तर आपल्याच घरात आहे. आपलं दुखणं तिच्यात दिसतं, आणि मग ती एक पाऊल टाकते तेव्हा ते आपण टाकल्यासारखं वाटतं.

आता कपाटातल्या पुस्तकांकडे येते. ‘ट्वायलाइट’ मी वाचलं आहे, चारही भाग, आणि मला त्याबद्दल बरंच म्हणायचं आहे.

तुम्हाला खटकलं ते नायिकेचं, बेलाचं झुरणं. दुसऱ्या भागात एडवर्ड, तो व्हॅम्पायर मुलगा, तिला सोडून जातो, आणि पुढची काही पानं जवळजवळ कोरी आहेत. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, नुसती महिन्यांची नावं. तुम्ही ती पानं पाहिली असणार. मला मात्र ती पानं दुबळी वाटत नाहीत. सोळा-अठराच्या वयात कुणी सोडून गेलं की महिने असेच कोरे जातात. लेखिकेने ते तसंच कागदावर ठेवलं. शिवाय हीच बेला पहिल्या भागात, आईचा जीव धोक्यात आहे असं वाटताच, एकटी मारेकऱ्यासमोर जाऊन उभी राहते. दुसऱ्या भागाच्या शेवटी एडवर्डला वाचवायला इटलीपर्यंत जाते. ती धडपडते, रडते आणि जातेही.

मला खटकतं ते वेगळंच. पहिल्या भागात एडवर्ड रात्री तिच्या खोलीत येऊन तिला झोपलेली बघत बसतो, तिला न कळू देता. तिसऱ्या भागात तिला एका मित्राला भेटायला जायचं असतं. एडवर्डला ते धोक्याचं वाटतं, म्हणून तो तिच्या गाडीच्या इंजिनातला एक भाग काढून ठेवतो. गाडी सुरूच होत नाही. ती चिडते, घरात जाते, आज रात्री येऊ नकोस हे सांगायला खिडकी धाडकन लावून घेते. थोडा वेळ त्या काचेकडे बघते, सुस्कारा टाकते आणि खिडकी सताड उघडते.

ताई, माझ्या मते सगळा प्रश्न त्या खिडकीपाशी आहे. मुलगी रडली याची भीती नको. मुलीने कुठे जायचं ते दुसऱ्याने ठरवलं, तिची गाडी बंद केली, आणि गोष्ट वाचकाच्या कानात सांगते की बघ, किती काळजी करतो तो. हे मला धोक्याचं वाटतं. कारण हे कादंबरीपुरतं राहत नाही. ‘कुठे आहेस, फोटो पाठव’, ‘त्याच्याशी बोलू नको’, ‘पासवर्ड दे, विश्वास नाही का’, असं म्हणणारी मुलं कॉलेजच्या पहिल्याच वर्षी भेटतात आणि तेही त्याला काळजीच म्हणतात. आणि ज्या नायिकेला तलवार चालवता येते, तिच्या बाबतीतही हेच घडू शकतं. मी अशा कादंबऱ्या वाचल्या आहेत ज्यात नायिका दहा जणांना लोळवते आणि शेवटी तिने कुठे राहायचं, कुणाशी बोलायचं हे एक देखणा राजपुत्र ठरवतो. तिथे तलवारीचा काय उपयोग झाला?

म्हणून नायिका खंबीर की दुबळी हे मी आता या दोन प्रश्नांनी बघते. गोष्टीतला मोठा निर्णय कुणी घेतला? आणि त्याची किंमत कुणी मोजली? दोन्हींचं उत्तर ‘तिने’ असं असेल, तर ती मुळूमुळू रडली तरी मला चालते. निर्णय चुकला तरी चालतो.

आता एक अवघड गोष्ट लिहिते, आणि मनापासून लिहिते. एडवर्डने गाडी बंद केली. तुम्ही कपाट बंद केलंत. त्यालाही काळजीच वाटत होती. तुमची आणि त्याची बरोबरी मी करत नाही. तुम्ही आई आहात, आणि पंधरा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत काही गोष्टी आईने ठरवाव्याच लागतात. पण तिने स्वतःचं स्वतः ठरवावं ही तुमची इच्छा आहे, आणि काय वाचायचं हे तर ती ठरवतच होती. मर्दानी खेळ सोडणं हाही तिचाच निर्णय होता. तो तुम्हाला आवडला नाही, पण तिने तो तुमच्यासमोर उभं राहून सांगितला. ज्या मुलीच्या पोटात वर्गात गोळा येतो, तिने आईला नाही म्हटलं. तो दिवस तुमच्या हिशेबात कुठे मांडला आहे?

पत्राच्या शेवटी तुम्ही कबड्डीचं लिहिलं आहे. राज्याच्या संघात निवड झाली आणि वडिलांनी जाऊ दिलं नाही, हे दोनच ओळींत लिहून पुढे गेलात. तेव्हा तुम्ही किती दिवस रडलात? तुमच्या लेकीला हे माहीत आहे का? मला वाटतं नसावं. तिला शूर मुलींच्या शेकडो गोष्टी ठाऊक आहेत, आणि आईचे कोरे महिने ठाऊक नाहीत. ते सांगा. शिकवण म्हणून नको, नुसतं सांगा. रंकाळ्यावर फिरायला जा दोघी, चालता चालता अशा गोष्टी सोप्या जातात, एकमेकींकडे बघावं लागत नाही.

पुस्तकं परत द्या. देताना ‘मी चिडून कुलूप लावलं, ते चुकलं’ एवढं म्हणा. मग तिसरा भाग स्वतःसाठी मागून घ्या आणि सगळा वाचा. चाळू नका. चाळल्यावर फक्त आपल्याला खटकणारंच दिसतं. वाचून झाल्यावर लेकीला विचारा, पण खरंच उत्तर माहीत नसल्यासारखं विचारा: त्याने गाडी बंद केली तेव्हा तुला काय वाटलं? तू असतीस तर खिडकी उघडली असतीस का? तिने ‘हो’ म्हटलं तर दचकू नका. पुस्तकात हो म्हणून बघणं हा त्या वयाचा सराव असतो, आणि तो घरात, आईशेजारी झालेला बरा.

दुसरं काय द्यावं, असं विचारलंत. ‘ऐवजी’ म्हणून काहीच देऊ नका, औषधासारखं दिलेलं पुस्तक मुलं बरोबर ओळखतात. पण दोघींनी मिळून वाचण्यासाठी एक जोडी सुचवते. उर्सुला ले ग्विन यांचं ‘द टूम्ब्स ऑफ अटुआन’, १९७१ सालचं. टेनार नावाच्या मुलीला लहानपणीच घरातून नेऊन एका अंधाऱ्या देवस्थानाची मुख्य पुजारीण करतात. तिचं नावही काढून घेतात. सगळे तिच्यापुढे वाकतात, कैद्यांना मारण्याचा हुकूम ती देऊ शकते आणि देतेही, पण आवाराबाहेर पाऊल टाकू शकत नाही. सत्ता आहे, मोकळीक नाही. मग एक चोर भुयारात सापडतो आणि त्याचं काय करायचं हे पहिल्यांदा तिला एकटीला ठरवावं लागतं. ते तुमच्या लेकीने वाचावं. आणि १९९० साली आलेलं ‘तेहानू’ तुम्ही वाचा. त्यात तीच टेनार मधल्या वयाची झाली आहे. शेतकऱ्याशी लग्न करून संसार केलेली, मुलं मोठी झालेली, नवरा गेलेला. हातात ना तलवार ना जादू. भाजलेल्या, टाकून दिलेल्या एका मुलीला ती घरी आणते आणि सांभाळते. ताई, आपल्या वयाच्या बायकांना जादूच्या गोष्टीत अशी जागा मी फार कमी वेळा पाहिली आहे. त्यात त्या लहान मुलीवर झालेल्या अत्याचाराचे उल्लेख आहेत, म्हणून लेकीच्या हाती देण्याआधी तुम्ही वाचा.

असंच विचारणाऱ्या आणखीही काही आया, दोन मावश्या आणि एक वडील आहेत, त्यांच्यासाठीही थोडं. किशोरांचं म्हणून विकलं जाणारं प्रत्येक फँटसी पुस्तक त्या वयाचं नसतं. काही मालिका आधी या कप्प्यात आल्या आणि नंतर प्रौढांच्या कप्प्यात गेल्या, कारण पुढच्या भागांत शरीरसंबंधांची सविस्तर वर्णनं आहेत. तेव्हा मुलीला ओरडण्यापेक्षा ‘हा भाग दोन वर्षांनी वाचूया का’ असं मोकळेपणाने बोला, आणि का ते सांगा. कारण सांगता येत नसेल तर बंदीही घालू नका. मुलगी पुस्तकात रमली आहे म्हणून घाबरू नका. पण ती खऱ्या आयुष्यात कुणाच्या परवानगीने मैत्रिणींना भेटू लागली, फोन वाजला की चेहरा उतरू लागला, तर थांबून विचारा, मग ती कुठलंही पुस्तक वाचत असो. आणि मुलगे असतील तर त्यांनाही हीच पुस्तकं द्या. गाडी बंद करणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघायची गरज त्यांना जास्त आहे.

ताई, तिसऱ्या भागात गाडी लवकरच येते, सुरुवातीच्याच प्रकरणांत. तिथवर पोहोचलात की खूण घालून ठेवा आणि लेकीला हाक मारा. पुढचं पान तिला मोठ्याने वाचू द्या. वर्गात उभं राहून नाही, तुमच्या शेजारी बसून.